खरेदीखतातली एक अट

नमस्कार श्रोतेहो.

घर घेताना खरेदीखत आपण कितपत वाचतो? चतुःसीमा पाहतो, क्षेत्रफळ पाहतो, नावात काही चूक नाही ना तेवढं तपासतो आणि सही ठोकतो. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णीय जोडप्याने ऑगस्ट १९४५ मध्ये असंच एक घर घेतलं. पदरी सहा मुलं. रस्त्याचं नाव लबाडी अव्हेन्यू. हसू नका, खरंच आहे. मराठी लबाडीशी त्याचं नातं नाही एवढंच. त्या घरावर १९११ सालच्या एका कराराची अट होती, आणि तिचा या दांपत्याला पत्ताच नव्हता. त्या भागातल्या ३९ मालकांपैकी ३० जणांनी तेव्हा लिहून दिलं होतं की पुढची ५० वर्षं इथं 'निग्रो किंवा मंगोलियन वंशाचं' कुणी राहायचं नाही. मंगोलियन म्हणजे चिनी, जपानी वगैरे. शेजारच्या मालकांनी दावा लावला आणि मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे घर शेलींचं, पण राहायची सोय नाही.

आता जरा तत्त्वज्ञानाकडे येतो. राज्य कुठून आलं, याचं युरोपातल्या विचारवंतांनी दिलेलं एक गाजलेलं उत्तर म्हणजे सामाजिक करार. माणसं मुळात मोकळी आणि समान; मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की थोडं स्वातंत्र्य सोडू आणि त्या बदल्यात कायद्याचं संरक्षण घेऊ. थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये हे मांडलं. असा करार ज्यांनी केलेला नाही, अशी माणसं आज कुठे आहेत, असं विचारल्यावर त्याने बोट दाखवलं ते अमेरिकेतल्या 'रानटी' लोकांकडे. जॉन लॉक त्याच्यापेक्षा कितीतरी मवाळ. माणूस जन्मतः स्वतंत्र आहे आणि संमतीशिवाय त्याच्यावर कुणाची सत्ता नाही, हे त्याचं म्हणणं. पण हाच लॉक अमेरिकेतल्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता. वसाहतीच्या १६६९ च्या मूळ घटनेच्या कामात त्याचा हात होता, आणि तिच्यात प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसेही गुंतलेले होते. त्याला ढोंगी म्हणून मोकळं होता येईल, पण त्याने काहीच उलगडत नाही.

चार्ल्स मिल्स तसे मोकळे झाले नाहीत. जमैकात वाढलेला हा माणूस आधी पदार्थविज्ञान शिकला, मग तत्त्वज्ञानाकडे वळला. १९९७ मध्ये त्यांनी 'वांशिक करार' या अर्थाच्या नावाचं छोटेखानी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की इथं तत्त्व एक आणि वागणूक दुसरी, असा प्रकारच नाही. खरा करार गोऱ्यांनी गोऱ्यांशी केला. बाकीचे त्याचे पक्षकार नव्हतेच. करार त्यांच्याबद्दल होता. त्यांची जमीन कुणाची, त्यांचे श्रम कुणाचे, हे त्यात ठरलं. आणि त्यातलं एक न लिहिलेलं कलम असं की हे दिसूनही दिसलं नाही असं करायचं.

हे शेवटचं कलम मला सगळ्यात बोचतं. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ चा. तो म्हणतो, आपण कोण होणार हे माहीत नसताना, अज्ञानाच्या पडद्याआड बसून समाजाचे नियम ठरवा. कल्पना देखणी आहे. पण नागरी हक्कांच्या चळवळीने ढवळून निघालेल्या देशात लिहिलेल्या त्या पाचशेहून अधिक पानांत वर्णभेद जेमतेम डोकावतो. पडदा जरा जास्तच जाड निघाला म्हणायचा!

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. त्यानंतर अवघ्या ३८ वर्षांनी लबाडी अव्हेन्यूच्या करारावर सह्या झाल्या.

शेली कुटुंबाचं पुढे काय झालं? ३ मे १९४८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्यात बसलेच नाहीत; उरलेले सहाही एकमताचे. पण निकालाची मेख पाहा. मालकांनी आपसात असा करार करून तो राजीखुशीने पाळला तर घटनेचा भंग होत नाही. कोर्टाने मात्र तो बजावून द्यायचा नाही, इतकंच. घर विकताना वंश पाहायला देशभर कायद्याने बंदी आली ती आणखी २० वर्षांनी, १९६८ मध्ये. ती अट मात्र जुन्या कागदांतून आपोआप पुसली गेली नाही. आज तिकडे जुनं घर घेणाऱ्याच्या, मग तो आपल्या पुण्या-नाशकाचा का असेना, दस्तांच्या चळतीत ती अजूनही निघू शकते. कायद्याने रद्द झालेली, पण टाइप केलेली अक्षरं अगदी स्वच्छ.