तिथे तर सगळेच काका होते

राम राम मंडळी.

गेल्या रविवारी इथे परदेशात आपल्या खान्देशी मुलांच्या बालवर्गात विषय होता, ‘सुट्टीत गावी काय पाहिलं’. कुणी गच्चीवरच्या गाद्या सांगितल्या, कुणी कळण्याची भाकरी. नऊ वर्षांच्या एका मुलीने मात्र भुसावळचा प्लॅटफॉर्म सांगितला. एका मुलाच्या हातून पाण्याची बाटली पडली आणि त्याचे वडील गाडी येईपर्यंत त्याला बोलत राहिले. दगड. भिकारडा. जन्मालाच कशाला आलास. मुलगा रडत नव्हता, बाकाखाली वाकून बाटलीचं झाकण शोधत होता. एवढं सांगून तिने बाईंना विचारलं, “तिथे तर सगळेच काका होते ना? मग एकही काका का नाही बोलला?”

तिला हे आपणच शिकवलंय. रिक्षावाला मामा, रसवंतीवाला दादा, शेजारच्या बाकावरची बाई माय. खान्देशात परकं कुणी नसतं, हे आपण इथे बसून अभिमानाने सांगतो. मग नात्याचं काम निघालं तेव्हा सगळे काका मोबाइलमध्ये का बघत होते, हे तिला कळेना.

माझं मत स्पष्ट आहे. मध्ये पडावं. पण कसं पडायचं ते शिकून घ्यावं, कारण चुकीचं पडलं तर किंमत पोराला मोजावी लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपदेश. “मुलांशी असं बोलतात का?” हे वाक्य चार लोकांत ऐकलं की माणसाला लाज वाटते, आणि लाजेचा राग त्याच्यापेक्षा दुबळा असेल त्याच्यावर निघतो. घरी गेल्यावर “तुझ्यामुळे लोकांनी मला ऐकवलं” हे पोरालाच ऐकावं लागतं. दुसरी चूक व्हिडिओ काढण्याची. मूल आधीच उघडं पडलेलं असतं, त्याचं रडं आणखी दहा गावांत पोचवायचं कशाला? तिसरी आपल्या लोकांची खास: “आमच्याकडे तर लगेच पोलीस येतात.” हे ऐकल्यावर समोरचा पुढचं काहीच ऐकत नाही. मंडळी, सुट्टीवर गेल्यावर हे वाक्य तोंडातून काढू नका, ही हात जोडून विनंती.

मग करायचं काय? समोरून, त्याला दिसेल असं जायचं. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, बापलेकांच्या मधोमध उभं राहायचं नाही. दोन हातांवर थांबायचं. आधी मोठ्या माणसाशी बोलायचं, आवाज त्याच्याहून खाली ठेवून, त्याच्या बोलीत. “काय व्हयनं भाऊ? ऊन बी कितलं शे!” मे महिन्यात भुसावळला पारा 44-45 वर असतो, तापलेला माणूस खरोखर तापलेलाच असतो. लगेच हाताने होईल असं एक काम विचारायचं: बॅग धरू का, पाणी भरून आणू का, धाकट्याला घेऊ का? बोलणाऱ्याची साखळी तुटायला एवढं पुष्कळदा पुरतं. मग पोराला ऐकू जाईल असं एकच वाक्य: “बाटली काय, कुणाच्याही हातून पडते.” त्याला चॉकलेट नको, जवळ ओढणं नको, “बाबा वाईट आहेत” तर मुळीच नको. त्याला त्याच माणसाचा हात धरून गाडीत चढायचं असतं.

हात उगारला, माणूस दारू प्यायलेला असला, पोर रुळांच्या बाजूला ढकललं जात असलं, तर मात्र गोड बोलत बसू नका. 112 लावा. मुलांसाठी 1098 आहे, फुकट आणि रात्रंदिवस. रेल्वेत 139. स्टेशन, प्लॅटफॉर्म किंवा डब्याचा नंबर, मुलाचं अंदाजे वय, कपड्यांचा रंग आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. “बाप नालायक आहे” हे सांगून पोलिसांना तो सापडत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 विनाकारण दिलेल्या मानसिक यातनेलाही लागतं, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पडलेल्या बाटलीला कायदा दाखवत सुटू नये.

एक गोष्ट मात्र टोचते, ती बोललीच पाहिजे. डोक्यावर बोचकं असलेल्या मजूर बाईला आपण पटकन टोकतो. चारचाकीतून उतरलेला साहेब पोराला तेच शब्द बोलला, तर “त्यांच्या घरचा मामला” म्हणतो. त्या साहेबाच्या पोराला ते शब्द कमी लागतात का? आणि आपल्या मेळाव्यांत, जेवणाच्या रांगेत, “दगड आहे नुसता” हे आपणही हसत हसत म्हणतो, पोर शेजारी उभं असताना.

इतकं सगळं नीट केलं तरी एक काळजी उरतेच. भाऊ गप्प होतो, गाडी येते, दोघं चढतात. सुरत लाइनवर अमळनेर येईल, दोंडाईचा येईल, तिथून पुढे घर. त्या दाराआड काय बोललं जाणार, हे आपल्या हातात नाही. हळू बोलल्याने पोराचं संकट टळतं की फक्त आपल्या कानाआड जातं, हे मला आजही सांगता येत नाही. रविवारी त्या मुलीने हेच विचारलं तर?