अनुमोदक कोण?

(दृश्य : हायस्कूलचा व्हरांडा. मुलांची रांग. टेबलावर मोबाइल, शेजारी शाईची बाटली.)

आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक अगदी खऱ्यासारखी होते. मोबाइलवरचं मतदान यंत्र, बोटाला शाई, मतदान अधिकारी म्हणून दहावीची पोरं. निकाल लागला की गुलाल मागतात. तो मात्र आम्ही देत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी? मुख्यमंत्री फळा पुसत असतो. आरोग्यमंत्र्याला विचारलं, तुझं खातं काय करतं, तर म्हणतो, "सर, नखं बघायची."

मी सांगली जिल्ह्यात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. पोरांना आपण मत द्यायला शिकवतो आणि तिथंच थांबतो, अशी माझी तक्रार आहे. ती सगळ्यात आधी आम्हा मास्तर लोकांविषयीच आहे.

(दृश्य : कुंडलचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, मागं डोंगर.)

खरं तर मतदानानंतरचा कारभार लोकांनी कसा चालवायचा, हे या भागाला पुस्तकातून शिकायची गरजच नाही. १९३९ साली कुंडल औंध संस्थानात होतं. त्या वर्षी जानेवारीत राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना लागू केली. स्वतःचे अधिकार कमी केले आणि गावचा कारभार निवडलेल्या पंचायतींकडं सोपवला. भारताची राज्यघटना लागू व्हायला अजून अकरा वर्षं होती.

चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, याच टापूत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज सरकारला समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता, म्हणून इतिहासात ते साताऱ्याचं प्रतिसरकार. तुफान सेना हे स्वयंसेवकांचं दल, गावोगावच्या समित्या, न्यायदान मंडळं. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता तंटे गावातच मिटवायचे. मानपान, बडेजाव टाळून साधी लग्नं लावायची. दारूचे गुत्ते बंद पाडायचे. १९४६ पर्यंत हे चाललं.

हे सगळं रंगात येऊन सांगत होतो, तर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, पण त्यांना निवडून कुणी दिलेलं?"

वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. औंधच्या पंचायतींना मतं होती, पण राजाच्या मनात आलं म्हणून त्या आल्या. दुसरा राजा असता तर? प्रतिसरकारला मतपेटी नव्हती, पण माणसं आपली भांडणं आपल्या पायानं त्यांच्याकडं घेऊन जात होती. मग जास्त लोकांचं कुठलं? एक मुलगी म्हणाली, प्रतिसरकारच्या शिक्षा कडक होत्या, खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या बसायच्या, मग अपील कुठं करायचं? त्यावर वाद पेटला. पुढचा तासही त्यातच गेला. पोर्शन मागं राहिला. राहू दे. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही हे पोरांनाही ठाऊक होतं, तरी कुणी घंटेकडं कान लावला नाही.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. रिकाम्या खुर्च्या, लाऊडस्पीकर.)

ग्रामसभेबद्दल मात्र पुस्तकात चांगला धडा आहे. मुलं तो पाठही करतात. पण मी त्यांना सभेलाच घेऊन जातो. अठरा पूर्ण नसल्यानं हात वर करता येत नाही, मागं बसून ऐकता येतं. कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा. तेवढी माणसं जमत नाहीत. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही! हे कळलं तेव्हा पोरं हादरलीच. "म्हणजे मग चार माणसं पण गाव चालवतील की, सर."

चालवतातच. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, आधी लिहून ठेवायचं आणि सह्या घरोघरी फिरून घ्यायच्या, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी हात वर करावा.

(दृश्य : मोहित्यांचे वडगाव, संध्याकाळ. देवळावरचा भोंगा.)

पण हेही याच जिल्ह्यातलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. कोरोनात ऑनलाइन वर्गांच्या निमित्तानं पोरांच्या हातात मोबाइल आले आणि तिथंच राहिले, म्हणून गावानं बसून हे ठरवलं. मग घरोघरी जाऊन लोकांची समजूत काढली. बातम्यांत कौतुक भोंग्याचं झालं. मला अप्रूप त्या घरोघरच्या फेऱ्यांचं वाटतं, कारण ठराव करणं सोपं असतं. वर्गात मात्र पोरांनी इथंही फाटा फोडलाच: माझ्या घरातला टीव्ही कधी बंद करायचा, हे गाव कसं ठरवणार? चांगला प्रश्न आहे. ज्यांच्या घरात रोज सिरियल चालते त्या आयांनाही तो विचारून बघा म्हटलं.

(दृश्य : शाळेचं मैदान, मधली सुट्टी.)

आता आमच्या मंत्रिमंडळाला दोन खरे अधिकार दिलेत. वाचनालयात कुठली पुस्तकं घ्यायची, आणि मधल्या सुट्टीत मैदान कुणाला. महिन्याला सभा, विषयपत्रिका आधी फळ्यावर, प्रोसिडिंग मुलंच लिहितात. पुस्तकांवरून काही झालं नाही. मैदानावरून रण माजलं. सगळं मैदान वर्षानुवर्षं क्रिकेटवाल्यांचं. मुलींनी ठराव आणला : अर्धं मैदान खो-खोला. मतदान झालं, ठराव मंजूर. विरोध करणाऱ्यांची नावं प्रोसिडिंगमध्ये लिहिली गेली, कारण त्यांनीच तसा आग्रह धरला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. हरलेल्यानं आपलं म्हणणं कागदावर आणणं, हे मोठ्यांच्या सभेतही क्वचित दिसतं.

आता त्यांनी फेरविचाराचा ठराव लिहून आणलाय. सूचक आहे, अनुमोदक मिळत नाही. मधल्या सुट्टीत तिघं जण कागद घेऊन नववी 'ब'च्या दाराशी उभे असतात, आणि खो-खोची कॅप्टन त्यांना विचारते, "आधी सांगा, आम्हाला काय देणार?"