पोळी-भाजीचे पार्सल

संध्याकाळी सातच्या सुमारास दादर पश्चिमेच्या या गल्लीत पोळी-भाजी केंद्रासमोर रांग लागते. लोकलमधून उतरलेली ही माणसे बसून जेवायला आलेली नाहीत. चार-सहा पोळ्या, एक सुकी भाजी आणि आमटी बांधून घ्यायची आणि घर गाठायचे, एवढीच त्यांची गरज आहे. आवडीचे पार्सल म्हटले की बिर्याणी किंवा चायनीज आठवते, पण पैसे खऱ्या अर्थाने वसूल कुठे होतात, हे पाहायचे तर या ओट्यामागे जावे लागते.

कणीक दुपारीच तेल-पाण्याच्या हाताने तिंबून झाकून ठेवलेली असते. उंडा थोडा लाटला की त्यावर तेलाचे बोट फिरते, किंचित पीठ भुरभुरले जाते, एक घडी पडते, मग दुसरी, आणि त्रिकोण झालेली पोळी पुन्हा गोल लाटली जाते. लाटणाऱ्या मावशींचे हात पाहा: लाटणे मध्यावर जेमतेम टेकते, सगळा जोर काठांवर असतो, कारण काठ जाड राहिला तर तो कच्चा राहतो आणि घरी पोहोचेपर्यंत चिवट होतो. तव्यावर पोळी फुगते, पदर सुटतात, आणि त्या पदरांमधले तेलच तिला रात्री उशिरापर्यंत मऊ ठेवते. फुलक्याला हे साधत नाही. तो तव्यावरून थेट पानातच पडायला हवा.

तव्यावरची पोळी लगेच बांधली जात नाही. वाफ कोंडली की पाणी सुटते आणि खालच्या पोळ्या ओल्या होतात, म्हणून त्या आधी कापड घातलेल्या टोपलीत निवतात आणि मगच कोऱ्या कागदात जातात. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते, त्यामुळे त्यात अन्न बांधू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावले आहे. येथे ते पाळले जाते, हे आवर्जून सांगायला हवे.

पार्सलला मोजलेले पैसे सार्थकी लागले की नाही, हे ते घरी कसे पोहोचते यावर ठरते. मसाला डोसा फॉइलमध्ये थोड्याच वेळात मऊ पडतो आणि कांदाभजी वाफेने लिबलिबीत होतात. मग ते हॉटेल कितीही नावाजलेले असो. बटाट्याची सुकी भाजी मात्र वाटेत बिघडत नाही, आणि मटकीची उसळ तर मुरून अधिकच चांगली लागते.

अशा केंद्रांच्या मागे गिरणगावच्या खाणावळींची परंपरा आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहत, आणि त्यांच्यासाठी आसपासच्या बायका आपल्या एका खोलीत महिन्याच्या बोलीवर स्वयंपाक करीत. पगार होईपर्यंत जेवणाचे पैसे हाती येत नसत. तोवर किराणा उधारीवर आणि गरज पडली की सावकार, अशी त्यांची कोंडी होती. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि मुंबईत बाहेरचा डबा किंवा पोळी-भाजी घेणारा ग्राहक प्रामुख्याने नोकरदार झाला.

एका पोळीला सध्या साधारण १० ते १५ रुपये पडतात, आणि त्यात पीठ, तेल, गॅस, भाडे आणि तासन्‌तास उभे राहून लाटणाऱ्या बाईची मजुरी धरलेली असते. ती मजुरी अजूनही तुटपुंजी आहे, म्हणून पोळीमागे रुपया-दोन रुपये वाढले तर घासाघीस करू नये. ॲपवरून मागवलेल्या जेवणाच्या बिलातला मोठा वाटा कमिशनपोटी जातो. ओट्यावर मोजलेला पैसा केंद्रातच राहतो. आमटीसाठी घरचा डबा न्यावा, म्हणजे प्लास्टिकची डबी लागत नाही. भाजी रोज बदलते आणि आठनंतर बहुधा संपलेली असते. पोळ्या जास्त हव्या असतील तर दुपारीच सांगून ठेवावे.