तासाला एक ठोका

नमस्कार. आयोजकांनी विषय दिला आहे ‘मेंदू आणि प्रजनन’. तासाभरात तो आवाक्यात येणारा नाही, म्हणून मी आज एकाच रेणूला धरून बोलणार आहे. जीएनआरएच हे त्याचं रूढ नाव. दहा अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, त्याच्या आसपास विखुरलेल्या जेमतेम हजार-दोन हजार पेशी ती बनवतात. आपल्या मेंदूत चेतापेशी आहेत साधारण ८६ अब्ज. त्यातल्या या मूठभर पेशी गप्प बसल्या, तर मूल वयात येत नाही, पाळी सुरू होत नाही, शुक्राणू तयार होत नाहीत.

हा रेणू बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून लगेच खाली पिट्युटरी ग्रंथीत उतरतो. तिथून एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सुटतात आणि अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावतात. पाठ्यपुस्तकातली आकृती इथे संपते: एका बाणाखाली दुसरा बाण. माझी तक्रार या बाणांबद्दलच आहे. त्यांत वेळ कुठेच दिसत नाही, आणि या संप्रेरकाचा सगळा खेळ वेळेचा आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९७१मध्ये या रेणूची रचना उलगडली. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे आणि रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून अक्षरशः लाखांनी मिळवले, कारण एवढ्या ढिगातून हाती लागणारं द्रव्य मिलिग्रॅमचा हिशेब ठेवावा इतपतच असे. दोघं आधी एकाच प्रयोगशाळेत होते, नंतर कट्टर प्रतिस्पर्धी झाले. १९७७चं नोबेल मात्र त्यांना एकत्रच घ्यावं लागलं. त्याच वर्षी त्यांच्यासोबत रोझलिन यालो यांनाही ते मिळालं. रक्तातली अत्यल्प संप्रेरकं मोजायची पद्धत त्यांची, आणि ती नसती तर मी पुढे जे सांगणार आहे ते कोणाला दिसलंच नसतं.

रेणू हातात आला, तो कृत्रिमरीत्या बनवताही येऊ लागला. मग सगळ्यांना वाटलं, आता जिथे कमी तिथे तो भरपूर द्यायचा, काम होईल. झालं नाही.

का झालं नाही, हे अर्न्स्ट नोबिल यांच्या पिट्सबर्गमधल्या गटाने १९७८मध्ये दाखवलं. हा प्रयोग जरा सावकाश बघू. ऱ्हीसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा विशिष्ट भाग त्यांनी निकामी केला. त्यामुळे स्वतःचं जीएनआरएच थांबलं आणि एलएच, एफएसएच तळाला गेले. मग पंपाने बाहेरून जीएनआरएच द्यायला सुरुवात केली: दर तासाला फक्त ६ मिनिटं, मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. उरलेली ५४ मिनिटं काहीच नाही. दोन्ही संप्रेरकं पूर्ववत झाली. आता पंप तोच, औषध तेच, पण धार अखंड सुरू ठेवली. म्हणजे औषध जास्तच मिळत होतं. आणि पिट्युटरी हळूहळू बंद पडली. पुन्हा तासाला एक ठोका सुरू केला, पुन्हा जागी झाली.

दारावरची बेल मधूनच वाजली तर आपण उठून दार उघडतो, पण कोणी बटणावरचं बोट काढलंच नाही तर शेवटी बेलची वायर काढून ठेवतो. पिट्युटरीच्या पेशीही तेच करतात. पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारे रेणू, आत ओढून घेतात, आतलं संदेशवहन थंडावतं. मधली रिकामी वेळ हा संदेशाचाच भाग आहे.

१९८०मध्ये याच गटाने वयात न आलेल्या माकडिणींच्या पिल्लांना तासाला एक ठोका दिला. त्यांची पाळी सुरू झाली, अंडमोचनही झालं. ठोके थांबवताच ती पिल्लं पुन्हा बालावस्थेत गेली. मला या सगळ्या शास्त्रातला हा सर्वांत विलक्षण निष्कर्ष वाटतो. अंडाशय तयार असतो, पिट्युटरी तयार असते. वाट फक्त वरून येणाऱ्या ठोक्याची असते.

डॉक्टरांनी या ज्ञानाचा दोन्ही बाजूंनी उपयोग केला. ज्यांच्या मेंदूतून ठोकेच येत नाहीत, अशा स्त्रियांना साधारण दर दीड तासाने सूक्ष्म मात्रा देणारा छोटा पंप लावला की अंडमोचन होऊ शकतं. उलट, जिथे हा सगळा कारखाना बंद ठेवायचा आहे, तिथे दीर्घकाळ टिकणारं जीएनआरएचसारखंच औषध टोचतात. प्रोस्टेटचा कर्करोग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणं), फार लवकर वयात येणारी मुलं, टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार. नातेवाईक विचारतात, ‘संप्रेरक वाढवणारं औषध देऊन संप्रेरक कमी कसं होईल?’ प्रश्न रास्त आहे. सुरुवातीचे काही दिवस ते वाढतंच, म्हणून प्रोस्टेटच्या रुग्णात तेवढ्या काळापुरतं वेगळं औषध जोडावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत पिट्युटरी गप्प होते.

ठोक्यांच्या वेगालाही अर्थ आहे. भराभर ठोके एलएचला झुकतं माप देतात, संथ ठोके एफएसएचला. पाळीच्या चक्राच्या पहिल्या टप्प्यात ते तास-दीड तासाने पडतात, अंडमोचनानंतर तीन-चार तासांनी. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात अनेकींचे ठोके वेगातच राहतात आणि एलएच चढं राहतं. हे मोजायचं कसं? जीएनआरएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, दंडातून घेतलेल्या रक्तात ते सापडतच नाही. म्हणून संशोधक दर दहा मिनिटांनी रक्त घेऊन एलएचचे चढउतार बघतात. एका नमुन्यावरून ‘हार्मोन्स बिघडलेत’ असा शेरा मारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग ठोका देतो कोण? २००३पर्यंत याचं धड उत्तर नव्हतं. त्या वर्षी पॅरिस आणि बोस्टनच्या दोन गटांनी वयात न येणाऱ्या व्यक्तींच्या कुटुंबांत एकाच रिसेप्टरचा दोष शोधला. तो रिसेप्टर किसपेप्टिन नावाच्या रेणूचा, ज्याचं जनुक १९९६पासून कर्करोगाच्या संशोधकांना माहीत होतं, पण प्रजननाशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. २००९मध्ये तुर्कस्तानातल्या कुटुंबांवरून न्यूरोकायनिन बी हा आणखी एक रेणू पुढे आला. आज चित्र असं आहे: हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकातल्या काही पेशी तीन रेणू बनवतात. न्यूरोकायनिन बी त्यांना एकमेकींना चेतवायला लावतं, डायनॉर्फिन आवरतं, आणि या ओढाताणीतून किसपेप्टिन ठोक्याठोक्याने बाहेर पडतं आणि जीएनआरएचच्या पेशींना चेतवतं. उपासमार, अतिव्यायाम, तीव्र ताण यांनी पाळी थांबते तीही बहुतांशी याच पातळीवर. शिवाय रजोनिवृत्तीतल्या गरम झळांशी याच पेशींचा संबंध निघाला, आणि न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

शेवटी एक अपुरी गोष्ट. जीएनआरएचच्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भात त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या आधाराने मेंदूत शिरतात. ही वाट अडली तर कालमन सिंड्रोम होतो: वयात येणं राहतं, आणि वासही येत नाही. डाउन सिंड्रोममध्येही वासाची जाणीव आणि प्रजननक्षमता अनेकदा कमी असते. त्यावरून २०२२मध्ये एक छोटा अभ्यास झाला. डाउन सिंड्रोम असलेल्या ७ पुरुषांना ६ महिने पंपाने जीएनआरएचचे ठोके दिले. त्यांतल्या ६ जणांच्या आकलनाच्या चाचण्या सुधारल्या, वासाची जाणीव मात्र सुधारली नाही. सातच माणसं, तुलनेला खोटं औषध घेणारा गट नाही. अशा चाचण्या दुसऱ्यांदा देताना माणूस सरावानेही थोडा बरा करतो. त्यामुळे ‘डाउनवर उपचार सापडला’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण या पेशींचं काम पुनरुत्पादनापाशीच थांबतं, असंही आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. प्रश्न असतील तर घेऊ.