मोठी मूळ संख्या मूळ आहे हे कळतं कसं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. पण मला तिच्या आकारापेक्षा घडणीबद्दल बोलायचं आहे. एवढ्याच अंकांची कुठलीही विषम संख्या समोर ठेवलीत, तर ती मूळ असली तरी तसं सिद्ध करणं आज जमणार नाही. हिचं जमलं, कारण द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीनं नुसते १.

२ च्या घातातून १ वजा केलेल्या अशा संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. ती मूळ असायची तर घातांक मूळ हवाच, पण तेवढं पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. घातांक p (२ सोडून) असेल, तर तिचा प्रत्येक मूळ अवयव २kp + १ (k ही कुठलीतरी पूर्ण संख्या) याच रूपात असतो आणि त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ उरते. त्यामुळे छोटे अवयव आधी भराभर तपासून घेता येतात.

मग लुकास-लेहमर चाचणी. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. असं p − २ वेळा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ साठी p = ७: ४, १४, ६७, ४२, १११, ०.

यात भागाकार करावाच लागत नाही, हे मला फार सुंदर वाटतं. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. ते ३५ गुणिले १२८ अधिक ७. १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १, म्हणून वरचे बिट (द्विमान अंक) खालच्यांत मिळवा, ३५ + ७ = ४२, झाली बाकी. शेवटच्या पायरीला मात्र जपा. १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२,३१९, त्याचे ९६ आणि ३१ मिळून १२७ येतात, म्हणजे सगळे १. ही बाकी शून्यच. प्रोग्राममध्ये हे विसरलात, तर हाती आलेली मूळ संख्या निसटते.

मोठ्या घातांकाला वर्गाची पायरी तेरा कोटींहून जास्त वेळा करावी लागते. वर्ग फूरिए रूपांतरानं (मोठे गुणाकार झटपट करायची रीत), दशांशात होतो आणि उत्तर पूर्णांकात आणताना चूक होऊ शकते. एक बिट चुकला की पुढचं सगळं वाया, आणि शेवटची बाकी तरीही दिसायला खरीच वाटते. म्हणून पहिली चाळणी आता फर्माच्या चाचणीनं (ती मूळ असण्याची फक्त दाट शक्यता सांगते) लावतात. तिच्यात गेर्बिझची पडताळणी मधूनमधून चालते आणि चूक सापडली की मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परतता येतं. त्यातून संख्या मूळ असावी असं दिसलं, की वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रामनं लुकास-लेहमर.

बाकी शून्य आली नाही, तर संख्या संयुक्त एवढंच कळतं, अवयव कळत नाहीत. २ चा ६७ वा घात वजा १ संयुक्त असल्याचं लुकासनं १८७६ मध्ये दाखवलं. अवयव मिळाले १९०३ मध्ये, गणितज्ञ कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिल्यातून १ वजा करून १३४ ने (२p, म्हणजे २ गुणिले ६७) भागा, बरोबर १४,४५,५८० येतात.