रात्र सरायला हवी

नमस्कार श्रोतेहो.

एका खोलीत पलंगावर एक माणूस मेल्याचं सोंग घेऊन पडलाय. भोवती मेणबत्त्या आणि बायकांची रडारड. गादीखाली दडवलाय काळ्या बाजाराचा माल. साखर, पीठ, कॉफी. झडतीला आलेला पोलीस अंमलदार काही दूधखुळा नाही, मढं जिवंत आहे हे त्याला पुरतं ठाऊक आहे. तोही ठाण मांडून बसतो, म्हणतो बघू कधी हलतोस. तेवढ्यात भोंगा वाजतो. विमानं येतात, बॉम्ब पडू लागतात, रडणारी माणसं जीव घेऊन पळतात. मढं मात्र हलत नाही. हल्ला संपल्यावर अंमलदारच हात टेकतो. म्हणतो, मेलेल्याला हात लावणं पाप, पण तुझ्यासारख्या जिवंत मढ्याला हात लावणं त्याहून मोठं पाप. ऊठ बाबा, नाही पकडत तुला.

त्या पलंगावर पडून राहिलेला नट म्हणजे एदुआर्दो दे फिलिप्पो. नाटक त्यानंच लिहिलेलं, दिग्दर्शनही त्याचंच. नाव 'नापोली मिलियोनारिया', म्हणजे लक्षाधीश नेपल्स. इटलीत त्याला सगळे नुसतं एदुआर्दो म्हणत, आडनावाची गरजच पडत नसे. मीही तसंच म्हणतो.

आज त्याच्याविषयी बोलायचं ते एवढ्यासाठी, की रंगमंचावर काहीही न करता, नुसतं असण्याची जी ताकद त्याच्यात होती, ती मला दुसऱ्या कुणात दिसलेली नाही.

एदुआर्दोचा जन्म नेपल्समध्ये, २४ मे १९०० चा. वडील एदुआर्दो स्कार्पेत्ता, त्या काळातले नेपल्सचे सर्वांत लोकप्रिय विनोदी नट आणि नाटककार. आई लुईसा ही स्कार्पेत्ताच्या लग्नाच्या बायकोची भाची. थोरली तितीना, मधला एदुआर्दो, धाकटा पेप्पिनो, या तिघांना वडिलांचं नाव कधी मिळालं नाही, आईचंच आडनाव लागलं. रंगभूमी मात्र वडिलांकडूनच आली. चार वर्षांचा असताना जपानी मुलाच्या वेषात एदुआर्दो पहिल्यांदा रंगमंचावर आला. पुढे वडील त्याला टेबलाशी बसवून नाटकांच्या संहिता हातानं उतरवून काढायला लावत. नाटकाचा सांगाडा कसा असतो, हे त्याच्या बोटांना असं लहानपणीच कळलं.

१९३१ मध्ये तिन्ही भावंडांनी स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी नेपल्समध्ये 'नाताले इन कासा कुपिएल्लो' रंगमंचावर आलं. कुपिएल्लोंच्या घरचा नाताळ. सुरुवातीला ते एकांकी होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याला आधी एक आणि नंतर एक अंक जोडून त्यानं ते पूर्ण केलं. यातला लुका कुपिएल्लो हा घरात येशूजन्माचा देखावा मांडतो. आपल्याकडे दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात ना, तसं त्याचं पुठ्ठा, गोंद, छोटे पुतळे असं सगळं चाललेलं असतं. घरात मुलीचा संसार मोडायला आलाय, बायको एकटी सगळं ओढतेय, आणि हा म्हातारा सरस ऊन करत बसलाय! अंथरुणात लोळणाऱ्या मुलाला पुनःपुन्हा विचारतोय, "तुला देखावा आवडला का?" मुलगा म्हणतो, "नाही आवडला." दर वेळी तेच. शेवटच्या अंकात लुका मरणाच्या दारात आहे. जीभ जड झालीय. तो तोच प्रश्न विचारतो आणि मुलगा रडत म्हणतो, "हो."

याचं १९७७ साली इटालियन दूरदर्शनसाठी केलेलं चित्रण मी पाहिलंय. मला नेपल्सची बोली येत नाही. पण त्या "हो"पाशी मला भाषा लागली नाही. त्या चित्रणात मुलाचं काम केलंय एदुआर्दोच्या खऱ्या मुलानं, लुका दे फिलिप्पोनं. १९३१ साली तेच काम धाकटा भाऊ पेप्पिनो करत असे.

पेप्पिनोशी १९४४ मध्ये बिनसलं आणि कंपनी फुटली. त्यावर नेपल्समध्ये कितीतरी बोललं गेलं. मला त्यात शिरायचं नाही. दोघेही थोर नट होते, एवढं पुरे.

त्यानंतर लगेच आलं ते सुरुवातीला सांगितलेलं नाटक. २५ मार्च १९४५. इटलीच्या उत्तरेत अजून दुसरं महायुद्ध चालू होतं, नेपल्स दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं, आणि सान कार्लोसारख्या ऑपेराच्या भव्य नाट्यगृहात हा एका गल्लीतली एक खोली घेऊन उभा राहिला. नाटकातला जेन्नारो युद्धाचे हाल भोगून घरी परततो, पण त्याची हकीकत ऐकायला कुणी तयार नाही. काळ्या बाजारानं घरात पैसा खेळतोय. आणि धाकटी पोर तापानं फणफणलीय. जे औषध हवंय ते मिळतं, तेही बायकोनं ज्याला लुबाडलं त्याच माणसाकडून. आता पहाटेपर्यंत थांबणं एवढंच हाती आहे. खचलेल्या बायकोला जेन्नारो घोटभर कॉफी देतो आणि म्हणतो, "आ दा पास्सा आ नुत्ताता." रात्र सरायला हवी.

पडदा पडला. एदुआर्दोनं पुढे सांगितलंय, की त्यानंतर आठ-दहा सेकंद सभागृहात आवाज नव्हता. मग टाळ्या फुटल्या आणि टाळ्यांबरोबर लोकांचं रडू फुटलं. ते वाक्य आज इटलीत म्हणीसारखं वापरलं जातं.

पुढच्याच वर्षी बहिणीसाठी त्यानं 'फिलुमेना मार्तुरानो' लिहिलं. फिलुमेनाला तीन मुलगे. त्यातला एक तुझा, असं ती ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहिली त्या दोमेनिकोला सांगते, पण कुठला ते शेवटपर्यंत सांगत नाही. कारण सांगितलं तर बाकीचे दोघे बापाविना राहतील. वडिलांचं नाव न मिळालेल्या माणसानं हे लिहावं, आणि ते नाव न मिळालेल्याच बहिणीनं ते उभं करावं, हे मनात आलं की मी पुस्तक मिटून ठेवतो.

चित्रपटांत तो खूप दिसला, पण जीव रंगभूमीतच होता. बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं सान फेर्दिनांदो थिएटर त्यानं विकत घेतलं आणि पुन्हा उभारून १९५४ मध्ये उघडलं. चित्रपटांचा पैसा त्यात ओतला. तरी त्याच वर्षीचा 'लोरो दि नापोली' हा चित्रपट बघाच. व्हित्तोरिओ दे सिका दिग्दर्शक. त्यात एदुआर्दो गल्लीतला शहाणा आहे, लोकांना अडीअडचणीत सल्ले विकतो. गर्विष्ठ सरदाराला कसं नमवायचं? तर ओठांनी खिल्ली उडवणारा फुर्रर्र आवाज काढून. तो कसा काढायचा, डोक्यातून की छातीतून, हे तो एखाद्या शास्त्रीबुवांच्या गांभीर्यानं समजावतो. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. पुन्हा तेच, न हलणं.

१९७३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरनं त्याचं 'शनिवार, रविवार, सोमवार' केलं, त्यात विख्यात इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए होते. १९८१ मध्ये इटलीचे राष्ट्रपती पेर्तिनींनी त्याला आजीव सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा तहहयात सदस्य नेमलं. सिनेटमध्ये तो बोलला ते नेपल्सच्या सुधारगृहातल्या मुलांसाठी.

सप्टेंबर १९८४. ताओर्मिनाला शेवटचं जाहीर भाषण. डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. तिथं तो म्हणाला, की सगळं आयुष्य त्यागाचं आणि गारठ्याचं गेलं, नाटक असंच करायचं असतं. ३१ ऑक्टोबरला रोममध्ये तो गेला.

जाण्यापूर्वी त्यानं एक काम उरकलं होतं. शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' जुन्या नेपल्सच्या बोलीत आणून ते ध्वनिमुद्रित केलं होतं, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासाठी. नाटकातली तरुण मुलगी मिरांडा सोडली तर सगळे आवाज त्याचे एकट्याचे. जादूगार प्रॉस्पेरोही तोच आणि त्याचा गुलाम कॅलिबनही तोच. पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये पडदा वर गेला, बाहुल्या हलू लागल्या, आणि त्यांच्या तोंडून एदुआर्दो बोलत होता.

नमस्कार.