लाल डिझेल, हिरवं डिझेल आणि पानेवाडीचं निळं रॉकेल

[दृश्य: टेबलावर काचेच्या तीन बरण्या. एकीत लाल, दुसरीत हिरवं, तिसरीत फिकट पिवळसर तेल.]

या तिन्ही बरण्यांत डिझेलच आहे. इंजिनाला यातला फरक कळत नाही, तिन्हींवर ते सारखंच चालतं. रंग सरकारने मुद्दाम घातलेला आहे. लाल रंग ब्रिटनचा, हिरवा आयर्लंड प्रजासत्ताकाचा. दोन्ही रंग एकच गोष्ट सांगतात: या तेलावर पूर्ण कर भरलेला नाही. शेतातला ट्रॅक्टर आणि मासेमारीची बोट यांच्यासाठी ते स्वस्त ठेवलेलं आहे. मालाच्या ट्रकच्या किंवा घरच्या मोटारीच्या टाकीत ते सापडलं, तर गाडी जप्त होऊ शकते.

सवलत रास्तच आहे. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या इंधनावर सरकार जबर कर लावतं. मग जो शेतकरी दिवसभर स्वतःच्या रानात नांगर फिरवतो, त्याने तोच कर का भरायचा? ब्रिटनमध्ये शेतीच्या कामासाठी ट्रॅक्टर रस्त्यावर आणला तरी त्यात लाल डिझेल चालतं.

अडचण आकड्यांत आहे. ब्रिटनमध्ये २०११ ते मार्च २०२२ या काळात रस्त्यावरच्या डिझेलवर लिटरमागे ५७.९५ पेनी कर होता (शंभर पेनींचा एक पौंड). लाल डिझेलवर होता ११.१४ पेनी. म्हणजे एका लिटरमागे जवळपास ४७ पेनींचा फरक. ३० हजार लिटरचा एक टँकर धरा. त्यातलं लाल तेल रस्त्यावरचं म्हणून विकलं, तर नुसत्या कराचे चौदा हजार पौंड विकणाऱ्याच्या खिशात पडतात. एका टँकरमागे. एवढा पैसा जिथे नुसत्या रंगाआड ठेवलेला असतो, तिथे रंग काढायची युक्ती कोणी ना कोणी शोधणारच.

[दृश्य: आयर्लंडची सीमा. दगडी कुंपणांची कुरणं, अरुंद वळणाचे रस्ते, लांबवर स्लीव्ह गलियन डोंगर.]

ती युक्ती सर्वांत जास्त फोफावली ती इथे. हा दक्षिण आर्मा, उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातला भाग. पलीकडे लाउथ आणि मोनाहन ही प्रजासत्ताकातली परगणी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि सुमारे ५०० किलोमीटर लांबीची सीमा शेताशेतांतून, गावागावांतून गेली. ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त आहेत. काही घरांचं अंगण एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात.

उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की प्रजासत्ताकात जायचं यावरून पुढे सशस्त्र संघर्ष पेटला. त्या काळात इथल्या जकातनाक्यांवर बाँब पडले. लष्कराने कित्येक रस्ते खड्डे पाडून बंद केले. १९९३मध्ये युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि जकातीची तपासणी संपली. १९९८च्या शांतता करारानंतर हळूहळू लष्करी चौक्याही गेल्या. माणसांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली, तिचं मोल कमी लेखू नये. पण कराचे दर दोन्हीकडे वेगळेच राहिले. ब्रिटनने १९९३पासून इंधनावरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा वेगाने वाढवायचं धोरण धरलं आणि उत्तरेकडचं इंधन दक्षिणेपेक्षा खूप महाग झालं. लोक पलीकडे जाऊन टाकी भरू लागले. उत्तरेकडचे सीमेलगतचे पेट्रोलपंप एकामागून एक बंद पडले. प्रामाणिकपणे कर भरून धंदा करणारा पंपवाला यात आधी बुडाला, हे लक्षात ठेवा.

[दृश्य: पत्र्याची जुनी शेड. आत प्लास्टिकच्या टाक्या, पाइप, पंप.]

आणि मग अशा शेड उभ्या राहिल्या. बाहेरून गुरांचा गोठा, आत डिझेल धुवायचा कारखाना. स्थानिक लोक त्या तेलाला धुतलेलं डिझेलच म्हणतात.

धुवायच्या दोन रीती होत्या. एकीत गंधकाम्ल वापरायचे, आम्ल रंगद्रव्याला ओढून घेऊन तळाशी बसतं. दुसरीत तेल शोषक मातीतून गाळायचे. ही माती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. मांजराच्या मलमूत्रासाठी जी माती तिकडे दुकानात मिळते, तीही चालते. मातीच्या कणांना रंग चिकटतो आणि खाली उतरतं ते जवळपास स्वच्छ दिसणारं डिझेल.

सरकारने केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर भिस्त ठेवलेली नव्हती. तेलात खुणेचे पदार्थही मिसळलेले होते. २००२पासून युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी एकच खूण ठरवली, सॉल्व्हेंट येलो १२४ नावाचं रंगद्रव्य. तिची तपासणी सोपी होती. रस्त्याकडेला गाडी थांबवायची, टाकीत नळी सोडून नमुना काढायचा, त्यात आम्ल घालून हलवायचं. खूण असेल तर लाल रंग उमटतो. पण जी खूण आम्लाने पकडता येते, ती आम्लाने काढूनही टाकता येते. तपासनीसाच्या बाटलीत जे घडायचं, तेच त्या शेडमध्ये मोठ्या टाकीत घडत होतं.

गिऱ्हाइकाला याचा पत्ताच नसे. पंपावर नेहमीचा भाव, नेहमीचं तेल. धुण्यातलं आम्ल मागे राहिलेलं असलं, तर ते इंधनपंप आणि इंजेक्टर खाऊन टाकतं. गॅरेजवाला गाडी उघडून दाखवायचा तेव्हा कुठे कळायचं.

[दृश्य: कच्च्या रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या चौकोनी टाक्या. त्यांतून पाझरणारा काळा गाळ.]

इथे जरा थांबा. कर बुडवला म्हणजे सरकारचं नुकसान झालं, एवढ्यावर बहुतेकांचं बोलणं संपतं. हा गाळ पाहा.

डिझेल धुतलं की आम्ल, रंगद्रव्य आणि तेल यांचा चिखल उरतो. तो कायदेशीर जागी नेऊन टाकता येत नाही, कारण कुठून आणला हे सांगावं लागेल. म्हणून एकेक हजार लिटरच्या टाक्यांत भरून रात्री रस्त्याच्या कडेला, डोंगरातल्या वाटेवर, नाल्याजवळ सोडून देत. टाकी फुटली की गाळ जमिनीत मुरतो, ओढ्यात जातो. त्याच ओढ्यांवर पुढे गावांचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आहे. लाउथच्या काउंटी कौन्सिलला या टाक्या उचलून धोकादायक कचरा म्हणून विल्हेवाट लावावी लागली, वर्षामागून वर्षं. नफा शेडवाल्याचा, साफसफाईचा खर्च करदात्याचा, आणि जमिनीचं झालेलं नुकसान तिथे गुरं चारणाऱ्याचं. कर भरला नाही एवढाच गुन्हा मानून त्याकडे कानाडोळा करणाऱ्यांनी त्या ओढ्याचं पाणी प्यायला हवं होतं.

लोक बोलतही नसत. या धंद्यात जुन्या सशस्त्र संघटनांची माणसं होती आणि शेजारच्या शेडमध्ये काय चालतं हे पोलिसांना सांगणं सोपं नव्हतं.

[दृश्य: मनमाडजवळचा पानेवाडी परिसर. तेल कंपन्यांचे डेपो, रांगेत उभे टँकर.]

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडे लाल डिझेल नव्हतं, निळं रॉकेल होतं. रेशनवरचं रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी आणि कंदिलासाठी सरकार अनुदान देऊन विकत असे. ते खुल्या बाजारात जाऊ नये म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असे. डिझेलच्या भावाशी तुलना केली तर ते कितीतरी स्वस्त, आणि डिझेलमध्ये मिसळलं तर ट्रक चालतो. रंग काढायच्या युक्त्या इथेही माहीत होत्या.

त्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २००६मध्ये केंद्र सरकारने रॉकेलमध्ये एक परदेशी खुणेचा पदार्थ मिसळायला सुरुवात केली. ती खूण धुऊन काढता येते असं आढळलं आणि दोन-सव्वादोन वर्षांत ती योजना बंद झाली.

२५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाड-नांदगाव रस्त्याने चालले होते. पानेवाडीजवळच्या एका ढाब्यापाशी त्यांना टँकरमधून बेकायदा तेल काढलं जाताना दिसलं. ते उतरले, मोबाईलवर चित्रण करू लागले. तिथल्या टोळीने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यांना जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. दोन दिवसांनी राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले.

सोनवणे यांनी जे केलं ते त्यांचं काम होतं. त्याआधी कितीतरी जण त्याच रस्त्यावरून, तेच पाहत, पुढे निघून गेले असतील. निळा रंग टँकरमध्ये तसाच होता. त्याने कोणालाच अडवलं नव्हतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. नमुन्यांच्या बाटल्या, तपासणीचं यंत्र.]

आयर्लंडमध्ये मात्र एक खूण टिकली. १ एप्रिल २०१५पासून ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांच्या कर खात्यांनी एकाच वेळी नवा पदार्थ वापरायला घेतला, ॲक्युट्रेस एस१०. त्याला रंग नाही आणि त्याचे रेणू डिझेलच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते आहेत की आम्लाने किंवा मातीने ते वेगळे काढणं फार अवघड. तेल धुतलं तर रंग जातो, खूण राहते. सीमेच्या एकाच बाजूने हे केलं असतं तर शेड दुसऱ्या बाजूला सरकल्या असत्या. दोघांनी मिळून केलं म्हणून त्याचा उपयोग झाला. त्याआधी आयर्लंडने तेल विक्रेत्यांवर दरमहा खरेदी-विक्रीचा हिशेब देण्याची सक्तीही केली होती. धुण्याच्या शेड त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या. जानेवारी २०२४पासून युरोपीय संघानेही नव्या पिढीची खूण स्वीकारली.

माझ्या मते या सगळ्यात खुणेपेक्षा निर्णायक आहे ती भावातली दरी. १ एप्रिल २०२२ला ब्रिटनने लाल डिझेलची सवलत मोठ्या प्रमाणावर काढून घेतली. बांधकाम, खाणी आणि इतर अनेक उद्योगांना आता पूर्ण कराचं डिझेल घ्यावं लागतं. शेती, मासेमारी, रेल्वे यांची सवलत राहिली. सरकारने कारण दिलं ते प्रदूषणाचं: देशातल्या एकूण डिझेलपैकी सुमारे १५ टक्के लाल होतं. सवलतीचं तेल जितक्या कमी हातांत, तितकं ते भलतीकडे वळायची वाटही अरुंद.

भारतात हे आणखी ठळकपणे दिसलं. जुलै २०१६पासून रेशनच्या रॉकेलचा भाव एका वेळी २५ पैशांनी असा वाढत गेला आणि २०२०पर्यंत केंद्राचं अनुदान शून्यावर आलं. भाव बरोबरीला आल्यावर रॉकेल मिसळून मिळवायचं काय? त्याच वर्षांत गॅस सिलिंडर गावोगाव पोचला. ज्या घरात सिलिंडर भरून आणायला पैसे नव्हते, त्या घराचा स्टोव्ह मात्र विझला, हेही याच हिशेबात धरायला हवं.

[दृश्य: कोकणातलं बंदर. बोटींवर डिझेलची पिंपं चढताहेत.]

स्वस्त तेल समोर न ठेवता सवलत देता येते का? येते, आणि तिचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. महाराष्ट्रात यांत्रिक बोटीवाला मच्छीमार डिझेल पूर्ण भावाने घेतो आणि त्यावरचा राज्याचा मूल्यवर्धित कर त्याला नंतर मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत परत मिळतो. बंदरावरची बोली त्याला डिझेल परतावा म्हणते. इथे रंग नाही, धुणं नाही, गाळ नाही. खोटी बिलं लावता येतात, पण ती कागदावर पकडता येतात. त्यासाठी कोणाला ढाब्यामागे टँकरसमोर उभं राहावं लागत नाही.

ही पद्धत उभी आहे ती मच्छीमाराच्या खिशावर. परतावा थकतो, कधी महिने, कधी वर्षं. पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो, तेव्हा त्याला एकदम डिझेल भरायचं असतं, बर्फ घ्यायचा असतो, खलाशांना उचल द्यायची असते. सरकारकडे अडकलेली रक्कम त्याची स्वतःची असते आणि बोट समुद्रात ढकलायला तो सावकाराकडून व्याजाने पैसे उचलतो. हा परतावा हंगाम सुरू होण्याआधी त्याच्या खात्यावर जमा झाला पाहिजे.